पान

शिरोलीच्या फौंड्रीनं मला जपानला धाडलं,
साचे बघायला, एकवीस दिवस.
बॅगेत दोन किलो भडंग, कांदा-लसूण चटणीचा डबा,
आणि अक्का, तुझी ताकीद:
"कुठं काय खाल्लास ते ध्यानात ठेव.
आल्यावर सगळं सांगायचं."

तर सांगतो.

नागोयाच्या फलाटावर लोक उभ्याउभ्या नूडल्स ओढतात,
सुर्र, सुर्र, बिनधास्त.
तिथं तो आवाज म्हणजे आचाऱ्याचा मान.
याच आवाजासाठी आईनं मला
उलथनं फेकून मारलेलं, पाचवीत असताना.
मी तिथं चार बोटं वाटीत घालून उभा,
आवाज काही निघेना.

ओसाकात गल्लीभर धूर.
बिडाच्या तव्याला खळगे, खळग्यात पीठ,
पिठात ऑक्टोपसचा तुकडा,
आणि एक बाई दाभणानं ते गोळे असे फिरवत होती
की मी मनात म्हटलं, आप्पेच की हे.
तव्याचं ओतकाम बघत बसलो. चांगलं होतं.
तोवर गोळा तोंडात गेलेला.
आठवडाभर जीभ नव्हती मला.

क्योटोत किताजिमा सान घेऊन गेले
आठ खुर्च्यांच्या एका हॉटेलात.
चार महिने आधी नंबर लावलेला. बाहेर पाटी नाही.
फळीपलीकडं म्हातारा आचारी, अलीकडं आपण,
मधे कुणी बोलत नाही.
बारा वेळा ताटली आली.
एकीत एकच शेंग होती, हिरवी, उकडलेली,
आणि ती शेंग बघून लोकांनी श्वास सोडला.
एकीत माशाचा तुकडा, शेजारी लाल पान.
मी दोन्ही खाल्लं.
पान खायचं नसतं, ते ऋतू सांगायला ठेवतात,
हे मला पान गिळल्यावर कळलं.
म्हाताऱ्यानं बघितलं होतं.
हसला नाही. कुणाकडं बघितलंही नाही.
फक्त त्यानंतर आठही जणांच्या ताटलीत
पुन्हा पान आलं नाही.

त्या रात्री खोलीत जाऊन भडंग फोडलं.
भूक नव्हती, अक्का.
कुणीतरी मोठ्यानं बोलावं असं वाटत होतं,
आणि भडंग तेवढं बोलतं.

शेवटी फुकुओका.
नदीकाठी हातगाड्या, प्लास्टिकचे पडदे,
एका बाकड्यावर नऊ माणसं, माझं कोपर दुसऱ्याच्या वाटीत.
हाडं रात्रभर रटरटत ठेवतात तिथं.
कशाची, ते विचारू नको.
रस्सा पांढरा होईस्तोवर.
मी वाटी तोंडाला लावली.
नारळ नाही, तीळ नाहीत, खसखस नाही, वेलची तर नाहीच.
चव तुझ्या वाटीची नव्हती.
पण हाड शेवटपर्यंत उकळलं की
रंग हाच येतो, एवढं कळलं.

मग फेब्रुवारीत किताजिमा सान इकडं आले.
ते तू बघितलंसच.
तांबड्यानं त्यांचे कान लाल झाले, चष्म्यावर वाफ.
पोरं कोपरानं एकमेकांना ढोसत होती.
मग पांढरा आला.
एक घोट, आणि माणूस थांबला.
मला म्हणाले, "माझी आई गाडी चालवायची. फुकुओकात."
पाच वर्षं एकमेकांना मेल करतोय आम्ही,
वाळूचे, तापमानाचे, रिजेक्शनचे.
आई पहिल्यांदाच निघाली.

त्यांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली
आणि ओढली, सुर्र्र,
अशी की अख्खी खानावळ वळून बघायला लागली.
मी खाली मान घातली.
तू आलीस, पळी बुडवलीस,
न विचारता वाटी भरलीस,
आणि पंगतीवरून एकदाच अशी नजर फिरवलीस
की सगळ्यांना आपापली भाकरी आठवली.

तेव्हा मला तो म्हातारा दिसला.

आता भांडी घासून झालीत,
चुलीत निखारा राहिलाय,
इतका वेळ तू नुसतं "हं" म्हणत होतीस.
पदराला हात पुसत विचारतेस,
"आणि ते पान रं? कसं लागलं?"

तुरट, अक्का.
जरासं चिंचेच्या पाल्यासारखं.